लसूण सोलायची पाळी

परवा पूर्ण्याला आक्कांच्या घरी जाऊन आलो. आक्कांचं घर हे आता सवयीनं म्हणायचं. आक्का जाऊन वर्ष होत आलं आणि घर त्यांच्या हैदराबादच्या पुतण्यानं विकलंय. पुतण्या भला माणूस. ताबा देण्याआधी त्यानं फोन करून सांगितलं, की आत्याच्या माणसांनी या आणि आठवण म्हणून जे हवं ते घेऊन जा. आत्याची माणसं म्हणजे आमची शैला आणि तिच्यासारख्या आणखी कितीतरी डॉक्टरणी, नर्सबाया. मी त्यांच्यात धरला जात नाही. मी पिशव्या धरायला. लग्न झाल्यापासून माझा हुद्दा हाच आहे आणि बढतीची आशा मी केव्हाच सोडली.

आम्ही पोचेपर्यंत शिसवी टेबल गेलं होतं. ज्या पितळी तराजूत आक्का नवी बाळं तोलायच्या, तोही कुणीतरी नेला होता. पुढच्या खोल्यांत नुसता चुन्याचा आणि बंद खिडक्यांचा वास. शैला कुठंच थांबली नाही. सरळ मागच्या व्हरांड्यात गेली, लाकडी जाळीशेजारच्या खिळ्यावरची बांबूची दुरडी काढली आणि म्हणाली, "चला."

"एवढंच?" पुतण्या म्हणाला. "ताई, पंखा चांगला चालतो बघा."

"एवढंच."

मी दुरडी हातात घेतली. वीण काळी पडलेली, एक काठ उसवलेला. कामट्यांच्या फटीत लसणाच्या सालीचा एक पापुद्रा अडकून राहिला होता. दुरडी नाकाजवळ नेली. आणि पूर्णा स्टेशनचं ऊन, कोळशाचा धूर, माझे दाट केस, माझी तिशीच्या आतली कंबर, सगळं एकदम परत आलं. म्हणजे केस आणि कंबर सोडून बाकीचं.

तेव्हा मी पिंगळीजवळच्या एका गावात शाळामास्तर होतो आणि शैला त्याच गावच्या सरकारी दवाखान्यात दुसऱ्या नंबरची डॉक्टर. पहिल्या नंबरला एक साहेब होते. विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं. शाळेच्या भिंतीवर एका बाजूनं चुन्यानं लिहिलेलं असायचं, दुसऱ्या बाजूनं गेरूनं, आणि मधल्या मोकळ्या जागेत मी फळ्यावर सुविचार लिहायचो, जो कुणी वाचत नसे. एसटी कधी यायची, कधी नाही. पण रविवारी आम्ही पूर्ण्याला जायचो ते पॅसेंजरनं. पिंगळी स्टेशनपर्यंत सायकल. मी पुढं, ती मागं कॅरिअरवर, मांडीवर डॉक्टरी बॅग. शेतातली माणसं वाकलेली कंबर सरळ करून बघायची. "डॉक्टरीणबाई चालल्या," म्हणायची. सायकल कोण हाकतंय याची चौकशी कुणी करत नसे.

छोट्या रुळांची ती गाडी. खिडकीत बसलं की डोळ्यांत कोळशाचा कण जायचाच. शैला पदराच्या टोकावर फुंकर मारून तो काढायची. डॉक्टर असून त्यासाठी तिनं बॅग कधी उघडली नाही. पूर्णा आलं की आधी लोकोशेडचा भोंगा, मग भज्यांचा वास, मग रेल्वेच्या चाळींमधून वाळत घातलेले निळे सदरे. आणि त्या चाळी संपल्या की कडुलिंबामागे आक्कांचं बाळंतपणाचं छोटं हॉस्पिटल आणि त्याला लागून घर.

आक्का निजामाच्या काळात हैदराबादला शिकलेल्या. बोलण्यात उर्दू अशी मिसळलेली, की त्या रागावल्या तरी कुणी मुशायऱ्याला आल्यासारखं ऐकत राहायचं. पांढरं सुती पातळ, जाड भिंगं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. रविवारी दुपारी त्यांच्या मागच्या व्हरांड्यात आसपासच्या गावांतल्या सरकारी डॉक्टरणी आणि नर्सबाया जमायच्या. पुरुषांना तिथं मज्जाव. मला कडुलिंबाखाली एक बाज, एक शिळं वर्तमानपत्र आणि पाण्याचा तांब्या मिळायचा. जाळीतून सगळं ऐकू यायचं. मी वर्तमानपत्राचं पान उलटत नसे, आवाज होतो म्हणून.

व्हरांड्यात शहाबादी फरशीवर सगळ्या गोल बसायच्या. मधे ही दुरडी, लसणानं भरलेली. आक्का उखळाशी. लाल मिरची, मीठ, भाजलेलं खोबरं असं कुटत कुटत त्या एकेकीला तोच सवाल करायच्या.

"बोल पोरी. या हप्त्यात कुणाला न विचारता काय केलं?"

हाच तिथला कायदा. आठवड्यात जिनं स्वतःच्या अकलेनं, स्वतःच्या जिम्मेदारीवर एखादी गोष्ट ठरवली, तिला भाकरी, चटणी, दही, आराम. जिनं दुसऱ्याला विचारून केली, तिनं लसूण सोलायचा. एक नर्सबाई एकदा म्हणाली, "आक्का, मी सरपंचाची जीप रस्त्यात आडवली अन् पेशंट घातला आत. सरपंचाला मागं बसवलं." तिला दह्यावरची साय मिळाली. दुसरी एक नवी डॉक्टर म्हणाली, "मी टाके घालायचं ठरवलं, पण आधी सरांना..." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत दुरडी तिच्यापुढं सरकलेली.

"पण आक्का, विचारणं वाईट का?" ती बिचारी.

"रोग्याचं विचार की. दहा जणांना विचार. किताब उघडून बघ. ते शहाणपण. पण तुझ्या खुर्चीतला फैसला दुसऱ्याच्या तोंडून काढू नको. आमच्या वेळेला विचारायला बाईमाणूस कुणी नव्हतंच. पुरुषांना विचारलं की ते नाही म्हणायचे. म्हणून मी विचारणंच सोडलं."

शैला पहिलं वर्षभर लसूण सोलत होती. गाडीत परतताना तिच्या बोटांना वास यायचा, उशाशी वास यायचा, चहाच्या कपाच्या कानाला वास यायचा. लोकांना लग्नाचं पहिलं वर्ष मोगऱ्यानं आठवतं म्हणतात. मला लसणानं आठवतं. मी एकदा म्हणालोही, "घरी बाजारातून सोललेला आणतो म्हणजे सराव तरी नको." ती हसली नाही.

ती हसण्याच्या मनःस्थितीत का नव्हती ते सांगतो. दवाखान्यात औषधांच्या कपाटाची किल्ली साहेबांच्या खिशात असायची. जीपचा हुकूम साहेबांचा. साहेब परभणीला गेले की किल्ली परभणीला जायची. एका भर दुपारी उसाच्या टोळीतली एक बाळंतीण बैलगाडीतून आली. तिला रक्त जायलंय, सलाईन काचेच्या कपाटात दिसतंय, आणि कपाटाला कुलूप. शिपाई लिंबाजी साहेबांना फोन लावायला सायकल घेऊन स्टेशनकडं धावला. शैलानं शेवटी दगड मारून काच फोडली. पण ती उशिरा फोडली, असं तिचं म्हणणं. त्या बाईचं पुढं काय झालं हे शैला आजही बोलत नाही. मीही विचारत नाही. त्या रविवारी व्हरांड्यात ती स्वतःहून दुरडीपुढं जाऊन बसली होती आणि आक्कांनी तिला सवालही केला नव्हता. उखळाचा आवाज तेवढा येत होता.

मग साहेबांची बदली झाली. आता हिच्याहून जुनं दवाखान्यात कुणी नव्हतं, म्हणजे चार्ज हिच्याकडं यायला हवा. पण तेव्हाचा एक रिवाज होता, कुठंही न लिहिलेला. लेडी डॉक्टर चार्ज घेत नसत. त्यांना विचारलं जाई, त्या नको म्हणत, आणि शेजारच्या गावचा पुरुष डॉक्टर जादा चार्ज बघे. तो आठवड्यातून एकदा येई, सह्या करी, किल्ली घेऊन जाई. वरचे एक साहेब त्याप्रमाणं आले, चहा प्याले, म्हणाले, "मॅडम, घरी विचारून घ्या. घाई नाही. शेजारचे डॉक्टर सोमवारी यायला तयारच आहेत."

"विचारून सांगते," शैला म्हणाली.

हे तिनं त्या रविवारी व्हरांड्यात सांगितलं. अगदी जाता जाता, पदर सारखा करत. उखळ थांबलं. एवढ्या वर्षांत ते मधेच थांबल्याचं मी ऐकलं नव्हतं, म्हणून बाजेवर उठून बसलो.

"काय म्हणालीस?"

"विचारून सांगते म्हणाले. पद्धत आहे आक्का तशी."

"कुणाला विचारणार?"

मग आक्कांचा आवाज जाळीतून थेट माझ्या अंगावर आला. "मास्तर, पेपर खाली ठेवा. उलटाच धरलाय. आत या."

मी चपला काढून आत गेलो. सगळ्या बायका बघत होत्या. त्या व्हरांड्यात पाऊल टाकणारा मी पहिला पुरुष, हे लक्षात येऊन मला उगीचच छाती पुढं काढावीशी वाटली.

"हिला चार्ज घ्यायचाय. तुम्हाला विचारायली. बोला."

मी सुधारक विचारांचा माणूस. शाळेत स्त्रीशिक्षणावर भाषण माझंच असे. घसा साफ केला आणि म्हणालो, "माझी काही हरकत नाही. माझी पूर्ण परवानगी आहे."

टाळ्या पडतील असं नाही, पण कुणीतरी मान हलवील एवढी अपेक्षा होती. आक्कांनी भिंगं पुसली, परत घातली, मला नीट बघितलं आणि शैलाला म्हणाल्या, "दुरडीत हात घाल. अर्धा लसूण तुझा." मग माझ्याकडं वळून, "अर्धा यांचा."

"माझा कशाबद्दल?" मी.

"इजाजत तुमच्या खिशात आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं, त्याबद्दल."

बायका पदरात तोंडं लपवून हसल्या. मी मांडी घालून बसलो. त्याआधी जन्मात मी लसूण सोलला नव्हता. पाकळी हातातून निसटून एका नर्सबाईच्या मांडीत जाऊन पडली. शैला माझ्याशेजारी मान खाली घालून सोलत होती. थोड्या वेळानं माझ्याकडं न बघता हळूच म्हणाली, "बूड आधी चिमटा. मग साल आपोआप सुटते." आमच्या संसारात कामाची म्हणावी अशी ती पहिली गोष्ट मी शिकलो.

सगळा लसूण संपल्यावर आक्का म्हणाल्या, "शैले, त्या कपाटाची काच आठव. आणि उद्या सकाळी काय करणार ते मला सांगू नको. मलाही विचारू नको."

सोमवारी सकाळी शैला दवाखान्यात गेली तेव्हा जुने साहेब सामान बांधत होते. मी शाळेत जाता जाता रेंगाळलो होतो, डोकं दुखतंय असं सांगून. डॉक्टरच्या नवऱ्याला हे निमित्त फार सोयीचं पडतं.

"साहेब, चार्ज मी घ्यायलेय," ती म्हणाली.

"घरी विचारलं का?"

"विचारलं. चूक झाली."

साहेबांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. हातात दिल्या नाहीत, टेबलावर ठेवल्या. तिनं त्या उचलल्या. मला वाटलं, झालं. पण शेजारचे डॉक्टर आधीच निघालेले होते आणि त्यांना कोण कळवणार. गावातली चार वजनदार माणसंही त्यांच्या स्वागताला दवाखान्याच्या फाटकात उभी होती. सगळ्यांत पुढं तात्या, आमच्या शाळेच्या संस्थेवरचे. म्हणजे माझा पगार ज्यांच्या भुवयांवर अवलंबून, ते.

आणि तेवढ्यात स्टेशनच्या रस्त्यानं एक बैलगाडी आली. आत आक्का, दोन नर्सबाया आणि ती "आधी सरांना" वाली नवी डॉक्टर. चौघी उतरल्या. ओपीडीबाहेरच्या लांब बाकावर ओळीनं बसल्या. आक्कांनी पिशवीतून ही दुरडी काढली, मांडीवर ठेवली आणि चौघी लसूण सोलायला लागल्या.

तात्यांनी विचारलं, "बाई, पेशंट हाव का?"

"नाही."

"मंग काय करायलात हितं?"

"दिसतंय की. लसूण सोलायलो."

मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "आक्का, आज पाळी कुणाची?" त्या म्हणाल्या, "कुणाचीच नाही. बायका रिकाम्या बसल्या की लोक हाकलतात. कामात असल्या की कुणी हात लावत नाही."

शेजारचे डॉक्टर आले. तरुण पोरगा, घामेजलेला, हातात नारळ. लिंबाजीला म्हणाला, "साहेब कुठायत?" लिंबाजीनं बाकाकडं बघितलं, तात्यांकडं बघितलं, मग दाराकडं बोट केलं. "आत हायत. बसलेत."

पोरगा आत गेला. बाहेर सालींचा कुरकुर आवाज तेवढा. मग शैलाचा आवाज आला, वर्गात पहिला धडा घेताना माझा येतो तसा, थोडा कापरा आणि गरजेपेक्षा मोठा. "या डॉक्टर. चार्ज माझ्याकडं आहे. तुम्हाला उगीच चक्कर पडली. चहा घेणार?"

त्यानं चहा घेतला. बाहेर आला तेव्हा सुटल्यासारखा दिसत होता. आक्का म्हणाल्या, "नारळ ठेवून जा बेटा. ओझं कशाला." त्यानं ठेवला. पुढच्या रविवारच्या चटणीत तोच होता.

किल्ली आली, पण दवाखाना अजून आला नव्हता. हे मला तेव्हा कळलं नाही, शैलाला कळलं. आमच्या दवाखान्यात पाण्याचे दोन रांजण होते. एक व्हरांड्यात, एक लांब फाटकाशी चिंचेखाली. पाटी नव्हती. पाटीची गरज नव्हती. फाटकाजवळच्या रांजणावर कोण जाणार आणि व्हरांड्यातल्यावर कोण, हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. त्या आठवड्यात एका सकाळी तिनं लिंबाजीला सांगून फाटकाचा रांजण उचलून आणला आणि व्हरांड्यातल्या रांजणाला चिकटवून ठेवला. दोन्हींवर मिळून एक लाकडी झाकण, एक डाव, एक पेला. मला ते शाळेत, पोरांकडून कळलं.

संध्याकाळी तात्या माझ्याकडं आले. ओट्यावर बसले. पान जुळवलं.

"मास्तर, दिवस कसले हायत ठावं हाय न्हवं? आमी काय वाईट सांगायलो का? बाईनं विचारायचं तरी. तुमच्या मंडळीला समजावून सांगा. तुमाला बी हितं नोकरी करायचीय."

मला पगार आणि पोट आठवलं. सुधारक विचार पोटात नसतात, तिथं वेगळीच माणसं राहतात. मी घसा साफ केला. आणि माझ्या तोंडून निघालं ते असं, "तात्या, खरं सांगू? ती मला विचारत नाही."

"म्हंजे?"

"कशालाच विचारत नाही. काल भाजी कसली, तेही विचारलं नाही. माझं घरात काही चालत नाही हो."

तात्यांनी पानाला चुना लावता लावता मान वर केली. मग त्यांच्या चेहऱ्यावर दया आली. पान तोंडात घालून ते उठले. दुसऱ्या दिवशी गावभर झालं, मास्तर बायकोच्या मुठीत हाय. पारावर हसणं, शाळेत हसणं. पोरं फळ्यावर चित्र काढायची, मोठी बाई आणि खिशात छोटा मास्तर. चित्र बरं होतं. पण त्यानंतर शैलाबद्दल काही सांगायला माझ्याकडं कुणी आलं नाही. ज्याचं काही चालतच नाही, त्याला गाठून काय करायचं? जे सांगायचं ते थेट तिला सांगावं लागे, आणि तिला सांगायला दवाखान्यात जावं लागे, आणि तिथं ती बाहेरच्या बाकावर बसून, सगळ्यांदेखत, त्या रांजणातलं पाणी पीत असे.

रविवारी व्हरांड्यात आक्कांनी सवाल केला. "बोल पोरी."

"रांजण एक केला," शैला म्हणाली. "कुणाला विचारलं नाही."

"गाव काय म्हणतंय?"

"बोलायलेत. काहीजण घरून तांब्या आणायलेत."

"भीती वाटायली?"

"वाटायली."

"मग?"

"मग काय. रांजण तिथंच राहील."

उखळातलं मुसळ बाजूला ठेवल्याचा आवाज आला, मग फरशीवरून दुरडी ओढल्याचा. कुणाकडं ओढली हे कळेना म्हणून मी जाळीला डोळा लावला. आक्कांनी ती स्वतःच्या मांडीवर घेतली होती.

"आज मी सोलते," त्या म्हणाल्या. "हे मला माझ्या हॉस्पिटलात करायचं होतं. करता आलं नाही. तिथं मीही विचारत बसले."

त्या दिवशी शैलानं दह्याची साय खाल्ली. परतीच्या गाडीत तिच्या बोटांना कसलाच वास नव्हता. मला मात्र चुकल्यासारखं झालं.

तांब्यांचं म्हणाल तर चैत्रापर्यंत टिकले. मग आमच्याकडचा उन्हाळा लागला, हातातल्या तांब्यातलं पाणी चहासारखं व्हायला लागलं, आणि रांजणातलं पाणी गार होतं. आधी म्हाताऱ्या प्यायल्या. मग तात्यांची सून. मग एक दिवस तात्या, लिंबाजीकडून पेला मागून, इकडंतिकडं न बघता. भिंतीवरचा चुना आणि गेरू पुढं कितीतरी वर्षं एकमेकांवर चढत राहिले. त्याच वर्षांत उसाला जाणाऱ्या टोळ्यांच्या बाया दिवाळीआधी दवाखान्यात येऊन हक्कानं तपासून घ्यायला लागल्या. कपाटाला नवी काच बसली. किल्ली खिळ्यावर टांगलेली असायची, कुणाचाही हात पोचेल अशी.

मोठ्या रुळांची गाडी आली, भोंगा गेला. आक्कांच्या हातांना उखळ पेलेना. शैलाच्या बदल्या होत गेल्या, पदं वाढत गेली, आणि रविवारचा तो गोल आमच्या परभणीच्या गच्चीवर भरू लागला. सवाल आता शैला करते. नव्या पोरी मोबाइल उलटा ठेवून उत्तरं देतात. लसूण त्याही सोलतात. मी जिन्यात खुर्ची टाकून बसतो. वर्तमानपत्र आता सरळ धरतो.

परवा पूर्ण्याहून परतताना फलाटावर शैलाचा फोन वाजला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हो. येते. सोमवारी हजर होते." फोन पर्समध्ये ठेवला. मग गाडी येतेय का ते बघत मला सांगितलं, की दुसऱ्या एका जिल्ह्याचा आरोग्याचा सगळा कारभार तिच्याकडं आलाय. त्या खुर्चीत आजवर बाई बसलेली नाही. निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना, इतक्या लांब, एकटीनं राहायचं.

माझे गुडघे आठवले. सकाळचा चहा आठवला. मी तोंड उघडलं. "माझी काही हर..." एवढं दातांपर्यंत येऊन थांबलं. मी ते गिळलं आणि दुरडी दुसऱ्या हातात घेतली. तिनं बघितलं.

घरी आल्यावर ती बॅग भरायला लागली. मी दुरडी धुऊन उन्हात ठेवली, उसवलेला काठ सुतळीनं बांधला. मग लसूण ओतला आणि गच्चीच्या दारात मांडी घालून बसलो, म्हणजे गुडघ्यांनी जेवढी परवानगी दिली तेवढी. बूड आधी चिमटायचं. साल आपोआप सुटते. तिकडं नेण्यापुरती चटणी तरी होईल.

शैला साड्यांचा गठ्ठा हातात घेऊन दारात आली.

"तुम्हाला कुणी सांगितलं सोलायला?"

"कुणी नाही."

"विचारलं कुणाला?"

"नाही."

तिनं गठ्ठा खुर्चीवर ठेवला, पदर खोचला आणि समोर बसली.

"मग कायद्यानं तुमची पाळी नाही," ती म्हणाली, आणि दुरडी स्वतःकडं ओढली.